आहे, नाही आणि कळलं नाही

मराठी दैनिकाचं पान संध्याकाळी संपादकीय विभागात लागतं आणि रात्री शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या छापखान्यात छापलं जातं. मधला प्रवास वाचकाला दिसत नाही. पानाची पीडीएफ होते, ती छापखान्यातल्या संगणकावर जाते, तिथे प्लेट निघते आणि प्लेट यंत्रावर चढते. आधी डाक आवृत्ती सुटते, मग शहर आवृत्ती. मी अशाच एका दैनिकाच्या संगणक विभागात काम करते. संपादकीयातली मंडळी आम्हाला ‘सिस्टिमवाले’ म्हणतात आणि एखादं पान पोचलं नाही की त्यांना आमची आठवण येते.

ही पानं कोणी हाताने पाठवत बसत नाही. ते काम शेल स्क्रिप्ट करते. लिनक्स संगणकाच्या काळ्या खिडकीत आपण ज्या कमांड एकेक करून टाइप करतो, त्याच ओळीने एका फाइलीत लिहून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट. ठरल्या वेळी ती सुरू करण्याचं काम क्रॉन नावाची व्यवस्था करते. माणूस पान पाठवत असता तर पलीकडचा फोल्डर दिसला नाही म्हणून थबकला असता, छापखान्यात फोन करून विचारलं असतं. स्क्रिप्ट थबकत नाही. तिला जेवढं सांगितलं तेवढंच ती करते, आणि न सांगितलेल्या ठिकाणी ती काय करेल हे फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सवयींवर अवलंबून असतं.

म्हणून अशा स्क्रिप्टमधला सगळ्यात लहान प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: ज्या फोल्डरमध्ये फाइल टाकायची, तो पलीकडच्या संगणकावर आहे का? बँका, साखर कारखाने, रुग्णालयं, सरकारी कार्यालयं, जिथे जिथे रात्री फाइली इकडून तिकडे जातात, तिथे तिथे हा प्रश्न असतो. आणि बहुतेक स्क्रिप्ट तो चुकीचा विचारतात, कारण लिहिणाऱ्याने ‘आहे’ आणि ‘नाही’ अशी दोनच उत्तरं धरलेली असतात. दूरच्या संगणकाकडून उत्तरं तीन येतात. तिसरं म्हणजे ‘कळलं नाही’.

शून्य, एक आणि दोनशे पंचावन्न

युनिक्सच्या घराण्यातली प्रत्येक कमांड संपताना मागे एक आकडा ठेवते. त्याला एक्झिट कोड म्हणतात. ० म्हणजे काम झालं, दुसरं काहीही म्हणजे काहीतरी बिनसलं. फोल्डर आहे का हे विचारायला ‘टेस्ट’ नावाची कमांड आहे. तिला ‘मायनस डी’ आणि फोल्डरचा पत्ता दिला की फोल्डर असेल तर ती ० देते, नसेल तर १. आपल्याच संगणकावर विचारायचं असेल तर गोष्ट बहुतेक इथेच संपते.

दूरच्या संगणकावर हाच प्रश्न एसएसएचमार्फत जातो. फिनलंडच्या तातू यलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं. ते हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात होते आणि विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकत असल्याचं उघडकीला आलं होतं. त्याआधी पासवर्ड तारेवरून उघडेच जात. आज जगभर जे एसएसएच चालतं ते बहुतांशी ओपनबीएसडी गटाने १९९९ मध्ये आणलेलं ओपनएसएसएच.

एसएसएच आपली कमांड पलीकडे नेऊन चालवतं आणि तिचा एक्झिट कोड जसाच्या तसा आपल्या हातात आणून देतं. पण जोडणीच झाली नाही, किल्ली नाकारली गेली, लाइन मध्येच तुटली, तर ते स्वतःचा आकडा देतं: २५५. म्हणजे ० आलं तर फोल्डर आहे, १ आलं तर नाही, आणि २५५ आलं तर आपला प्रश्न पोचलाच नाही.

आता स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचा हात सवयीने काय लिहितो? ‘इफ’ फोल्डर आहे, तर पाठव. ‘एल्स’ अमुक कर. या ‘एल्स’मध्ये १ आणि २५५ एकाच पंगतीला बसतात. काकांना फोन लागला नाही यावरून काका गावाला गेले असं आपण धरत नाही. स्क्रिप्ट मात्र नेमकं तेच धरून चालते. ‘एल्स’मध्ये फक्त फोल्डर तयार करायचा असेल तर फारसं बिघडत नाही, कारण लाइन बंद असताना तोही होणार नाही. पण काही ठिकाणी ‘एल्स’चा अर्थ असतो ‘पलीकडच्यांनी काम संपवून फोल्डर काढून टाकला, आता आपल्याकडची प्रतही पुसायला हरकत नाही’. तिथे पाच मिनिटं इंटरनेट गेलं तरी खरं नुकसान होतं.

१ हा आकडाही नेहमी खरं बोलतो असं नाही. वरच्या फोल्डरमध्ये शिरायची परवानगी नसेल तर आतला फोल्डर असूनही ‘टेस्ट’ त्याला नाही म्हणते, कारण तिला तो दिसतच नाही. काही सर्व्हरवर आपल्याला फक्त फाइली ठेवण्यापुरतं खातं दिलेलं असतं आणि कमांड चालवू नये म्हणून खात्याला शेलऐवजी ‘नोलॉगिन’ जोडलेलं असतं. त्या खात्यावर ‘टेस्ट’ चालतच नाही. ‘नोलॉगिन’ खातं उपलब्ध नसल्याचा निरोप देतं आणि १ देऊन मोकळं होतं. आपल्याला वाटतं फोल्डर नाही.

यावर माझा उपाय साधा आहे: उत्तर आकड्यात न घेता शब्दात घ्यायचं. पलीकडे पाठवायच्या ओळीतच सांगायचं, फोल्डर असेल तर एक ठरावीक शब्द छाप, नसेल तर दुसरा. पहिला शब्द परत आला तर आहे. दुसरा आला तर नाही, किंवा निदान आपल्याला दिसत तरी नाही. दोन्ही आले नाहीत तर कळलं नाही, आणि कळलं नाही तेव्हा स्क्रिप्टने काहीही पाठवायचं नाही, काहीही पुसायचं नाही. थोडं थांबून पुन्हा विचारायचं आणि तरीही जमलं नाही तर माणसाला उठवायचं. जोडीला एसएसएचला ‘बॅचमोड’ लावायचा, म्हणजे ते पासवर्ड मागत ताटकळत नाही. आणि ‘कनेक्टटाइमआउट’ द्यायचा, म्हणजे मेलेल्या लाइनवर बराच वेळ बसून राहत नाही.

आणखी एक खोड सांगते, कारण ती नव्या मुलांना हमखास चकवते. छापखान्यांची नावं एका यादीत आहेत आणि स्क्रिप्ट ती ओळीने वाचून प्रत्येक ठिकाणी एसएसएचने विचारते. पहिल्याच फेरीत एसएसएच यादीतल्या उरलेल्या ओळी आपल्यासाठीच आल्या आहेत असं समजून गिळून टाकतं. पहिला छापखाना होतो, बाकीचे राहतात, आणि स्क्रिप्ट काही तक्रार न करता यशस्वी म्हणून संपते. एसएसएचला ‘मायनस एन’ दिलं की ते यादीला हात लावत नाही.

न विचारता पाठवलं तर

फोल्डर नसेल तर फाइल जाणार नाही आणि चूक दिसेल, असं आपल्याला वाटतं. तसं झालं असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती.

एससीपी हा फाइल पाठवण्याचा सगळ्यात ओळखीचा प्रोग्रॅम. त्याला सांगितलं की पहिलं पान पलीकडच्या ‘अंक’ फोल्डरमधल्या आजच्या तारखेच्या फोल्डरमध्ये टाक. तारखेचा फोल्डर असेल तर पान आत जातं. नसेल तर एससीपी समजतो की तारीख हे फाइलचं नवं नाव आहे. तो त्या नावाची फाइल तयार करतो आणि ० देतो. दुसरं पान त्याच फाइलवर चढतं, तिसरं त्याच्यावर. बारा पानं एकेक करून पाठवली तर बाराही वेळा ‘झालं’ असं उत्तर येतं आणि पलीकडे तारखेच्या नावाची एकच फाइल उरते. तिच्यात असतं शेवटचं पान.

आमच्याकडे हे प्रत्यक्ष झालं आहे. जुनी स्क्रिप्ट ज्या काळात लिहिली गेली, तेव्हा छापखान्यातले एक काका रोज संध्याकाळी हाताने तारखेचा फोल्डर करून ठेवत. स्क्रिप्टला ते माहीत नव्हतं, पण ती त्यांच्या भरवशावर चालली होती. काका रजेवर गेले आणि रात्री फोन आला, “मॅडम, पान सोडलंय का? इथे एकच फाइल आहे, ती पण उघडत नाही.” इकडच्या नोंदीत बाराच्या बारा पानं पोचलेली होती. फाइल उघडत नव्हती, कारण तिच्या नावाला पीडीएफचं शेपूटच नव्हतं.

यावर एका अक्षराचा उपाय आहे: पत्त्याच्या शेवटी स्लॅश. शेवटी स्लॅश असला की हे नाव फोल्डरचंच आहे असं आपण ठासून सांगतो, आणि फोल्डर नसेल तर एससीपी सहसा कुरकुर करून थांबतो. एकाच कमांडमध्ये अनेक फाइली दिल्या तरी तो शेवटचं नाव फोल्डरचंच असावं असा आग्रह धरतो. शांतपणे घात होतो तो एकेक फाइल आणि स्लॅश नसलेला पत्ता या जोडीने. या प्रोग्रॅमच्या सवयी १९८०च्या दशकातल्या ‘आरसीपी’कडून आलेल्या आहेत. ओपनएसएसएचने २०२२ मधल्या ९.० आवृत्तीत एससीपीच्या आतली जुनी बोलण्याची पद्धत बदलून एसएफटीपी या एसएसएचवरूनच फाइली नेणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमची आणली. नाव मात्र तेच ठेवलं.

आरसिंक जास्त समंजस आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये तो केला; बदललेला भाग तेवढाच पाठवणं ही त्याची ख्याती. शेवटी स्लॅश दिला तर तो नसलेला फोल्डर स्वतः तयार करतो, पण एकाच पायरीचा. वर्ष, महिना, तारीख अशा तिन्ही पायऱ्या नसतील तर तो थांबतो आणि चूक कळवतो. २०२० मधल्या ३.२.३ आवृत्तीपासून त्याला ‘मेकपाथ’ हा पर्याय आला, तो दिला की सगळ्या पायऱ्या तो स्वतः बांधतो.

एफटीपीची जुनी गोष्ट

फाइल दुसऱ्या संगणकावर पाठवण्याचा पहिला लेखी करार एका भारतीयाने लिहिला, हे अनेकांना माहीत नसतं. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर अभय भूषण एमआयटीत असताना त्यांनी १६ एप्रिल १९७१ रोजी एफटीपीचा पहिला मसुदा मांडला. त्याचं १९८५ मधलं रूप अजूनही अनेक छापखान्यांत आणि कारखान्यांत चालू आहे.

त्या रूपात सर्व्हर प्रत्येक कमांडला तीन आकडी उत्तर देतो. पहिला आकडा २ असेल तर काम झालं, ४ असेल तर आत्ता जमत नाही, पुन्हा विचारा, ५ असेल तर जमणार नाही. त्या काळच्या लोकांना ‘आत्ता नाही’ आणि ‘नाहीच’ यातला फरक नीट कळला होता. पण एका जागी तेही घसरले. ५५० हा आकडा फाइल सापडली नाही यालाही लागतो आणि परवानगी नाही यालाही. फोल्डर तयार करायला गेलात आणि तो आधीच असला, तरी बहुतेक सर्व्हर ५५०च देतात.

एफटीपीच्या जुन्या स्क्रिप्टचा खरा धोका मात्र वेगळा आहे. आधी ‘सीडी’ने फोल्डरमध्ये शिरायचं, मग ‘पुट’ने फाइल टाकायची, अशा ओळी एकाखाली एक लिहिलेल्या असतात. ‘सीडी’ फसली तरी पुढची ओळ चालतेच. फाइल जाते, पण लॉगिन केल्यावर आपण जिथे उभे असतो त्या पहिल्या फोल्डरमध्ये. जुना एफटीपी प्रोग्रॅम शेवटी ० देऊन निघून जातो. अशा सर्व्हरच्या पहिल्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षांच्या हरवलेल्या फाइली सापडतात.

एसएफटीपीच्या बॅच फाइलीत हे होत नाही, कारण एक ओळ फसली की तो तिथेच थांबतो. फसली तरी चालेल अशा ओळीच्या आधी उणे चिन्ह द्यायचं. म्हणून मी तीन ओळी लिहिते: उणे चिन्ह लावून फोल्डर तयार कर, मग चिन्ह न लावता त्यात शीर, मग फाइल टाक. फोल्डर आधीच असला तर पहिली ओळ फसते आणि काही बिघडत नाही. तो होऊच शकला नाही तर दुसरी ओळ फसते आणि सगळं थांबतं. फोल्डर आहे का, असा प्रश्न वेगळा विचारावाच लागत नाही.

विचारावं की सरळ करून टाकावं

जाणते लोक म्हणतात, विचारता कशाला, ‘एमकेडिर मायनस पी’ चालवा. ही कमांड फोल्डर नसेल तर वरच्या सगळ्या पायऱ्यांसकट तयार करते आणि असेल तर काही न बोलता ० देते. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. आधी विचारून मग तयार करायला गेलं तर मधल्या क्षणात दुसरी स्क्रिप्ट तोच फोल्डर करून जाऊ शकते किंवा पुसून टाकू शकते. त्या नावाची फाइल तिथे पडलेली असेल, तर ‘एमकेडिर’ साफ नाही म्हणते. काका रजेवर गेले त्या रात्री आमच्या स्क्रिप्टमध्ये ही कमांड असती, तर तारखेचा फोल्डर आपोआप झाला असता.

पण दोन ठिकाणी मी ‘मायनस पी’ लावू देत नाही. पहिलं ठिकाण बाहेरून जोडलेल्या डिस्कचं. पानांचा जुना साठा मोठ्या डिस्कवर जातो आणि ती एका रिकाम्या फोल्डरवर जोडलेली असते. वीज जाऊन आली आणि डिस्क जोडलीच गेली नाही, तर तो रिकामा फोल्डर तसाच दिसत राहतो. ‘मायनस पी’ आनंदाने त्याच्या आत नवे फोल्डर बांधते, फाइली सर्व्हरच्या मुख्य डिस्कवर साचतात, ती भरते आणि सर्व्हर आडवा होतो. म्हणून डिस्कवर एक छोटी खुणेची फाइल ठेवायची आणि ती दिसली तरच पुढे जायचं. ‘माउंटपॉइंट’ नावाची कमांडही हेच सांगते.

दुसरं ठिकाण म्हणजे पत्त्याचा वरचा भाग. शेवटचा तारखेचा फोल्डर रोज नवा असणारच, तो तयार करावा. पण छापखान्याच्या नावाचा फोल्डर नसेल तर नाव टाइप करताना काहीतरी चुकलं आहे, किंवा आपण भलत्याच सर्व्हरवर आहोत. तिथे नवा फोल्डर बांधणं म्हणजे चुकीला पत्ता मिळवून देणं.

नावातले घोळ

फोल्डर आहे, स्क्रिप्टही बरोबर आहे, तरी उत्तर ‘नाही’ येतं, अशी प्रकरणं बहुतेक नावाची निघतात. दैनिकात तारीख हा मोठा घोळ. रात्री अकराला सुटणारं पान उद्याच्या अंकाचं असतं आणि एकला सुटणारं आजच्या. शिवाय भाड्याचे सर्व्हर पुष्कळदा जागतिक वेळेवर चालतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत त्या सर्व्हरच्या लेखी अजून कालचाच दिवस असतो, आणि नेमके हेच आमचे कामाचे तास. म्हणून अंकाची तारीख एकाच ठिकाणी, सुरुवातीला एकदाच ठरवायची आणि तीच दोन्हीकडे वापरायची.

नावात मोकळी जागा असेल तर आणखी पंचाईत. अवतरणचिन्हं आपल्या शेलने काढून टाकलेली असतात आणि पलीकडचा शेल तीच ओळ पुन्हा नव्याने वाचतो, त्यामुळे ‘रविवार पुरवणी’चे दोन तुकडे होतात. अवतरणं दोनदा द्यावी लागतात.

आणि खास मराठी घोळ ‘ऱ्या’चा. ‘दुसऱ्या’मधला हा ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मॅकवरची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था तर नुक्त्याची अक्षरं साठवतानाच फोडून ठेवत असे. डोळ्यांना एक दिसणारी ही नावं लिनक्सला वेगळी वाटतात, कारण तो अक्षरं न पाहता बाइट पाहतो. म्हणून फोल्डरची नावं मोकळी जागा न ठेवता रोमन अक्षरांत आणि अंकांत ठेवावीत, असं मी सगळ्यांना सांगते. मराठीवरचं प्रेम पानात दाखवावं.

फोल्डर आहे, पण आत काय आहे

एवढं सगळं केलं तरी फोल्डर असणं म्हणजे काम होणं नव्हे. म्हणून पाठवताना फाइलला तात्पुरतं नाव द्यावं, ती पूर्ण पोचल्यावर तिचा आकार किंवा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवावा आणि मगच खरं नाव द्यावं. एकाच डिस्कवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे छापखान्याला अर्धवट पान कधीच दिसत नाही. आरसिंक हे तात्पुरत्या नावाचं काम आपणहून करतो.

पोचलेलं तपासण्याच्या या पायरीचं महत्त्व ३१ जानेवारी २०१७ रोजी जगाने पाहिलं. गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने चुकून चालू सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअप अॅमेझॉनच्या एस-थ्री साठ्यात जातो असं सगळे धरून होते. उघडून पाहिलं तर आत काहीच नव्हतं. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा होता, म्हणून दर वेळी फसत होता. फसल्याचे ईमेल निघत होते, पण ओळख न पटल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ते परत लावत होता. सुमारे सहा तासांपूर्वी कामासाठी घेतलेली एक प्रत होती म्हणून कंपनी वाचली. मधल्या सहा तासांतली माहिती गेली. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, जगासमोर मांडलं, म्हणून आज आपल्याला त्यातून शिकता येतं.

एस-थ्रीसारख्या साठ्यात तर फोल्डर नावाची वस्तूच नसते. तिथे फाइलचं एक लांबलचक नाव असतं आणि त्यातल्या स्लॅशमुळे आपल्याला फोल्डर असल्यासारखं दिसतं. तिथे विचारण्यासारखा खरा प्रश्न एकच: कालची फाइल आहे का आणि ती केवढी आहे?

तुम्ही शेल कधी उघडला नसेल, तरी तुमचे फोटो आणि कागदपत्रं रात्री कुठेतरी जात असतात, आणि पडद्यावर ‘बॅकअप पूर्ण’ असं हिरव्या अक्षरात येत असतं. त्या अक्षरांवर थांबू नका. ज्या ठिकाणी फाइली जातात तिथे स्वतः जा, सगळ्यात ताजी फाइल कोणत्या तारखेची आहे ते पाहा आणि ती उघडून पाहा. उघडली तरच ती पोचली असं म्हणा.